खिडकी उघडते, आत काळोख: गावाकडून पुण्याच्या मशीनवरचं थ्रीडी चालवताना काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

गणपती जवळ आले की माझा फोन वाजायला लागतो. चाकरमान्यांना रजा मिळते चार दिवसांची आणि राहायचं असतं विसर्जनापर्यंत, मग उरलेले दिवस 'घरून काम'. दुपारचं जेवण उरकून माजघरात लॅपटॉप उघडतात, पुण्याच्या मशीनवरचं थ्रीडी सॉफ्टवेअर एसएसएचमधून (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षित लॉगइन करायची वाट) देवगडच्या वाडीत ओढायला बघतात, आणि भाच्याचा फोन येतो: "मामा, खिडकी येता, पण आत नुसतो काळोख."

मी विचारतो, "चित्र काढता कोण? तुजो लॅपटॉप काय पुण्याचा मशीन?" याचं उत्तर आजवर एकानेही पहिल्या फटक्यात दिलेलं नाही. तोवर पठ्ठ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा काढून टाकलेला असतो आणि इंटरनेटवर सापडलेल्या चार ओळी सेटिंगमध्ये चिकटवलेल्या असतात. म्हणजे मूळ दुखण्यात आणखी चार दुखण्यांची भर.

तपासायचं खालून वर: तार, एसएसएच, परवानगी, साधी खिडकी, थ्रीडी आणि सगळ्यात शेवटी वेग. एक पायरी पक्की झाल्याशिवाय वरची चढायची नाही. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर भाच्याला सांगतो तशा. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे, आणि ते खरोखरच मोठं लागतं.

## तयारी: गाडीत बसण्याआधी

अर्धी भांडणं इथेच मिटतात. पुण्याच्या मशीनवर काही बसवायचं तर अ‍ॅडमिनची परवानगी लागते, आणि अ‍ॅडमिनही गणपतीला गावी गेलेला असतो. कोकणकन्येत बसण्याआधी पुढच्या गोष्टी करून घ्या.

पुण्याच्या मशीनवर 'एक्सऑथ' हवं, खिडकी उघडायच्या परवानगीची चिठ्ठी सांभाळणारं. उबुंटू किंवा डेबियन असेल तर 'एक्स११-अ‍ॅप्स' आणि 'मेसा-युटिल्स' ही पॅकेजंही टाका. पहिल्यातून चाचणीची साधी खिडकी मिळते, दुसऱ्यातून थ्रीडी तपासायची 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा. काम खरंच थ्रीडीचं असेल तर व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी दोन्ही आत्ताच बसवून घ्या. त्यांची गरज का पडते ते सहाव्या टप्प्यात येईल.

लॅपटॉपवर एक्सचा (लिनक्समधली खिडक्या दाखवायची यंत्रणा) सर्व्हर हवा. लिनक्सवर तो बहुधा असतोच. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्म, मॅकवर एक्सक्वार्ट्झ. एक्सक्वार्ट्झ बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगइन करावं लागतं. ते न करता "चालत नाही" म्हणून फोन करणारे दर वर्षी दोघं तरी असतात.

इथे एक गोंधळ आधीच सोडवू. एक्सच्या भाषेत ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माउस तो सर्व्हर. म्हणजे सर्व्हर तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप, आणि पुण्यातला प्रोग्रॅम त्याचा ग्राहक. हे उलटं वाटतं, म्हणून या लेखात मी 'सर्व्हर' शब्द शक्यतो टाळून 'लॅपटॉप' आणि 'पुण्याचं मशीन' असंच म्हणणार आहे.

तपासणी: ऑफिसात असतानाच एकदा सगळं चालवून बघा आणि काय दिसलं ते वहीत लिहा. गावी जाऊन बिघडलं तर निदान 'आधी चालत होतं' एवढं तरी ठामपणे म्हणता येईल.

## टप्पा १: तार

पुण्याच्या मशीनला पन्नासेक वेळा पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. सरासरी आकड्यापेक्षा त्यातली उडी बघा. सगळे आकडे ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतील तर बरं. ४०, ४५, ३८०, ४२, मग एक पॅकेट गायब, असं दिसलं तर थ्रीडीचा विचार नंतर, आधी रेंज. सड्यावरच्या टॉवरवर अख्खी वाडी आणि मुंबईहून आलेले पाहुणे एकदमच चढलेले असतात. पहाटे सहाला आणि रात्री आरतीनंतर मोजून बघा, फरक कळेल.

एक्सचा स्वभाव बडबड्या. एक मेनू उघडायला प्रोग्रॅमने दीडशे वेळा सवाल-जवाब केले असं धरू. ऑफिसच्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सगळे मिळून ७५ मिलिसेकंद. कळतही नाही. गावात तीच फेरी ६० मिलिसेकंदांची, म्हणजे मेनू उघडायला ९ सेकंद. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लान घेऊन हे दुखणं जात नाही. रस्ता रुंद केला म्हणून पुणं जवळ येत नाही.

दुसरा बिघाड जास्त फसवा. लॉगइन होतं, छोट्या आज्ञा चालतात, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली किंवा खिडकी उघडायला गेलं की सगळं थिजतं. बहुतेक वेळा हा एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ असतो: मोठी पॅकेटं वाटेत अडकतात, छोटी निसटतात. घरचं फायबर कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं असेल तर पॅकेटची मर्यादा १५०० नव्हे, १४९२ बाइट असते, आणि वर व्हीपीएन असेल तर आणखी कमी. लिनक्सवर पिंगला 'डॅश मोठा एम, डू' आणि 'डॅश एस १४६४' द्या. विंडोजवर 'डॅश एफ' आणि 'डॅश एल १४६४'. शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. गेलं नाही तर आकडा थोडा थोडा उतरवत न्या. जिथे जातं तिथे २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. व्हीपीएन असेल तर पिंग व्हीपीएनच्या आतल्या पत्त्यावर करा आणि हा आकडा व्हीपीएनच्याच इंटरफेसला लावा.

## टप्पा २: एसएसएच

एसएसएचला 'डॅश व्ही' आणि 'डॅश मोठा वाय' लावून लॉगइन करा (वाय का, ते पुढे येतं). ढीगभर ओळी येतील, त्यात एकच शोधायची: 'रिक्वेस्टिंग एक्स११ फॉरवर्डिंग', म्हणजे 'खिडक्या माझ्याकडे पाठव' अशी मागणी. ती नसेल तर लॅपटॉपनेच मागणी केलेली नाही. तुम्ही पर्याय विसरलात, नाहीतर लॅपटॉपवर एक्स सर्व्हर चालूच नाही.

लॉगइन झाल्यावर 'इको डॉलर डिस्प्ले' करा, डिस्प्ले सगळा मोठ्या अक्षरांत. खिडकी कुठल्या पडद्यावर उघडायची, तो हा पत्ता. 'लोकलहोस्ट:१०.०' असं काही आलं तर हा टप्पा पार. रिकामं आलं तर कारणं बहुधा यांपैकी एक:

- पुण्याच्या मशीनच्या एसएसएचडीच्या (तिकडे एसएसएच स्वीकारणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये 'एक्स११फॉरवर्डिंग'समोर 'नो' आहे किंवा ती ओळच नाही. ओपनएसएसएचमध्ये मुळात ते बंदच असतं.
- तिथे एक्सऑथ बसवलेलं नाही.
- तिथे आयपीव्ही६ बंद करून ठेवलंय. मग एसएसएचडीला खिडकीसाठी पोर्ट घेता येत नाही. कॉन्फिगमध्ये 'अ‍ॅड्रेसफॅमिली'समोर आय-एन-ई-टी लिहिलं की सुटतं.

सावध: कॉन्फिग बदलल्यावर आधी 'एसएसएचडी डॅश टी' चालवून चूक नाही ना ते बघा, मगच रीलोड करा. आणि एक जुनं लॉगइन उघडं ठेवा. एकदा मी एक स्वल्पविराम जास्त टाकून सर्व्हिस रीस्टार्ट केली, सगळी टर्मिनलं बंद केली, आणि मग पुण्यात कोणीतरी ऑफिसात जाईपर्यंत दोन दिवस समुद्राकडे बघत बसलो.

पुण्याच्या मशीनवर डिस्प्लेचं मूल्य हाताने कधीही भरू नका. बऱ्याच जणांच्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) कुठूनतरी उचललेली 'डिस्प्ले बरोबर कोलन शून्य' ही ओळ असते. एसएसएचने दिलेलं बरोबर मूल्य ती पुसून टाकते, आणि खिडकी पुण्याच्याच मशीनच्या पडद्यावर उघडायला जाते. ती ओळ काढा.

आता 'मोठा एक्स' की 'मोठा वाय'. 'मोठा एक्स' दिला की लॅपटॉप पुण्याच्या प्रोग्रॅमला परका समजतो, हातपाय बांधून आत घेतो, आणि थ्रीडीचे प्रोग्रॅम त्यात अनेकदा मोडतात. शिवाय ही परवानगी ठरावीक वेळेची, मुळात २० मिनिटांची असते. म्हणून "सुरुवातीला चाललं, चहा पिऊन आलो तर नवीन खिडकी उघडेना" असं कोणी म्हणालं की मी पुढचं ऐकतच नाही. 'मोठा वाय' द्या. डेबियन आणि उबुंटूवर 'मोठा एक्स'ही मुळात वायसारखाच वागतो, त्यामुळे मित्राच्या उबुंटूवर चालणारी आज्ञा तुमच्या लॅपटॉपवर पडू शकते.

सावध: 'मोठा वाय' म्हणजे पूर्ण विश्वास. पुण्याच्या मशीनवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला माणूस तुमच्या पडद्यावरचं आणि कीबोर्डवरचं वाचू शकतो. आपल्याच ऑफिसच्या मशीनला ठीक, कोणाच्याही मशीनला नाही.

एसएसएचऐवजी मॉश वापरणाऱ्यांनी इथेच थांबावं. तुटक्या रेंजला ते झकास आहे, पण त्यातून एक्स येत नाही.

## टप्पा ३: परवानगीची चिठ्ठी

डिस्प्ले बरोबर, तरी 'कॅननॉट ओपन डिस्प्ले'. आता घोळ कुकीत, म्हणजे होम फोल्डरमधल्या 'डॉट एक्सऑथॉरिटी' या फाइलमधल्या चिठ्ठीत. 'एक्सऑथ लिस्ट' करा. यादीत तुमच्या डिस्प्लेचा आकडा असला पाहिजे.

नसेल तर आधी होममध्ये जागा आहे का बघा. कोटा भरला असेल तर चिठ्ठी लिहिलीच जात नाही, आणि माणूस मात्र ड्रायव्हर तपासत बसतो. दुसरं, सुडो करून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, प्रोग्रॅम चालवलात का? चिठ्ठी तुमच्या नावाची, रूट ती घेऊन येत नाही. थ्रीडी प्रोग्रॅम सुडोने चालवायची मुळात गरज नसते.

तिसरं कारण गावाकडे फार भेटतं. तुम्ही टीमक्समध्ये काम करता, कनेक्शन तुटलं तरी पुण्यातलं टर्मिनल चालू ठेवतं त्यात. लाइट गेली, कनेक्शन तुटलं, परत लॉगइन करून टीमक्स जोडलंत. नवीन लॉगइनला मिळाला डिस्प्ले ११, पण टीमक्सच्या आतला जुना शेल अजून १०लाच धरून बसलाय, आणि १० कधीच बंद झाला. टीमक्सच्या बाहेर नवीन मूल्य बघा आणि आत तेच द्या. हाताने भरू नका म्हटलं त्याला एवढाच अपवाद.

सावध: 'एक्सहोस्ट प्लस' करा असा सल्ला कोणी दिला तर कानाआड टाका. दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे.

## टप्पा ४: साधी खिडकी

'एक्सक्लॉक' चालवा. घड्याळ दिसलं की तार, एसएसएच आणि चिठ्ठी तिन्ही निर्दोष. यापुढे तिकडे परत फिरकायचं नाही. घड्याळ दिसत नसेल तर थ्रीडीचं नावही काढायचं नाही.

## टप्पा ५: चित्र कोण काढतंय?

खरी गंमत इथे. 'जीएलएक्सइन्फो डॅश मोठा बी' चालवा. उत्तरात 'डायरेक्ट रेंडरिंग: येस' अशी ओळ दिसली की लोक खूश होऊन थांबतात. थांबू नका, खाली जाऊन 'ओपनजीएल रेंडरर' ही ओळ वाचा. ओपनजीएल म्हणजे थ्रीडी चित्र काढायच्या सूचनांची भाषा. येस असूनही तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल तर चित्र पुण्याचं मशीन काढतंय खरं, पण ग्राफिक्स कार्डावर नव्हे, साध्या प्रोसेसरवर. लाखाचं कार्ड शेजारी गार बसलेलं असतं.

आणि ते काढलेलं चित्र कच्च्या ठिपक्यांच्या रूपात एसएसएचमधून लॅपटॉपकडे यायचं. १२८० बाय ७२० ची खिडकी, ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एक चित्र जवळपास ३.७ मेगाबाइटचं. मॉडेल फिरवताना सेकंदाला २० चित्रं हवीत, तर ७४ मेगाबाइट, म्हणजे सुमारे ५९० मेगाबिट दर सेकंदाला. वाडीतल्या कनेक्शनकडून ही अपेक्षा करणं म्हणजे पऱ्ह्यातून गलबत न्यायचं.

दुसरी शक्यता 'डायरेक्ट रेंडरिंग: नो'. इथे पुण्याचा प्रोग्रॅम चित्र न काढता 'इथे त्रिकोण, तिथे रेघ' अशा सूचना पाठवतो आणि लॅपटॉपचं कार्ड चित्र काढतं. ऐकायला छान, पण या वाटेने ओपनजीएल १.४ च्या आसपासचंच काम होतं. पॅराव्ह्यू किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या आजच्या आवृत्त्यांना ३ च्या पुढचं ओपनजीएल लागतं, तेव्हा त्या इथे चालणार नाहीत, कितीही ड्रायव्हर बदला. त्यातून २०१५ च्या एक्स.ऑर्ग १.१७ पासून ही वाट मुळातच बंद ठेवलेली असते.

तिसरी शक्यता थेट चूक: 'नो मॅचिंग एफबीकॉन्फिग्स' किंवा 'फेल्ड टू लोड ड्रायव्हर: स्वरास्ट'. पहिल्या चुकीत बहुधा लॅपटॉपचा एक्स सर्व्हर हवं तसं जीएलएक्स (एक्समधला ओपनजीएलचा दुवा) देत नाही, म्हणून आधी त्याच्या सेटिंगमधलं ओपनजीएल बघा. दुसरी आली तर पुण्याच्या मशीनवर मेसाची (लिनक्सवरचं ओपनजीएल) फाइल नाही किंवा भलतीच उचलली जातेय. कोंडाच्या (पॅकेजं वेगळ्या कप्प्यात बसवायची सोय) वातावरणात हे हमखास होतं. वातावरणातून बाहेर येऊन तीच आज्ञा द्या. बाहेर चाललं तर दोषी सापडला.

तपासणी: गिअर फिरवणारं 'जीएलएक्सगिअर्स' दाखवतं तो आकडा वेगाचा पुरावा धरू नका. वेग बघायचा तर आपलंच मॉडेल उघडून माउसने फिरवा.

## टप्पा ६: वाट निवडा

जुना, हलका, रेघांचा प्रोग्रॅम असेल तर सूचना पाठवायची वाट पुरते. लिनक्स लॅपटॉपवर एक्स सर्व्हर 'प्लस आयजीएलएक्स' देऊन सुरू करावा लागतो, आणि पुण्याच्या बाजूला 'लिबजीएल अंडरस्कोर ऑलवेज अंडरस्कोर इनडायरेक्ट' (सगळं मोठ्या अक्षरांत) बरोबर १. पाच-दहा मिनिटं द्या, जमलं तर जमलं.

पॅराव्ह्यूवाल्यांना आणखी एक सोय आहे. पुण्यात 'पीव्हीसर्व्हर' चालवा, ११,१११ क्रमांकाचं (पाच वेळा १) पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातून आणा, आणि लॅपटॉपवरचा पॅराव्ह्यू त्याला जोडा. फक्त दोन्हीकडची आवृत्ती एकच हवी.

बाकी सगळ्यांनी एक्स फॉरवर्डिंगचा नाद सोडावा. चित्र पुण्याच्याच कार्डावर काढायचं आणि तयार चित्र दाबून, लहान करून गावाकडे आणायचं. त्यासाठीच व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी: पहिलं चित्र कार्डावर काढून घेतं, दुसरं पुण्यातला डेस्कटॉप गावाकडे दाखवतं.

वेगापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. एक्स फॉरवर्डिंगमध्ये कनेक्शन तुटलं की प्रोग्रॅम मरतो. एका श्रावणात मी तीन तास बसून मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, साफ केला होता. पागोळ्या धो धो गळत होत्या, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर दोन्ही चालू, म्हणून मी निवांत. पण तिठ्यावरच्या फायबरच्या पेटीला कसला इन्व्हर्टर! राउटरवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि थोड्या वेळाने टर्मिनलमध्ये एक ओळ आली, 'ब्रोकन पाइप'. सेव्ह केलं नव्हतं. व्हीएनसीमध्ये सत्र पुण्यातच जिवंत राहतं. तासाने लाइट आली की जोडा, माउसचा बाण ठेवला होता तिथेच सापडतो.

क्रम असा:

1. अ‍ॅडमिनने पुण्याच्या मशीनवर रूट म्हणून 'व्हीजीएलसर्व्हर अंडरस्कोर कॉन्फिग' चालवायचं. ते करताना तिथलं ग्राफिकल लॉगइन बंद हवं. व्हर्च्युअलजीएल ३ किंवा पुढचं असेल तर ईजीएलचा पर्याय निवडता येतो, मग तिथे थ्रीडीसाठी एक्स चालू ठेवायची गरज उरत नाही.
2. तुमचं नाव 'व्हीजीएलयूजर्स' गटात घालून घ्या. मग पूर्ण लॉगआउट करून परत या. गटाचा बदल चालू लॉगइनला लागू होत नाही.
3. टर्बोव्हीएनसीचं 'व्हीएनसीसर्व्हर' सुरू करा, 'डॅश लोकलहोस्ट' देऊन. डिस्प्लेचा आकडा सांगितला जाईल. १ असेल तर पोर्ट ५९०१, २ असेल तर ५९०२.
4. लॅपटॉपवरून बोगदा: एसएसएचला 'डॅश मोठा एल', पुढे '५९०१:लोकलहोस्ट:५९०१'. इथे मोठा एक्स किंवा वाय लागत नाही.
5. टर्बोव्हीएनसीचा व्ह्यूअर 'लोकलहोस्ट:१' ला जोडा.
6. समोर आलेल्या डेस्कटॉपमध्ये टर्मिनल उघडून, त्याच टर्मिनलमध्ये, प्रोग्रॅमच्या नावाआधी 'व्हीजीएलरन' लावा. ईजीएल निवडलं असेल तर मध्ये 'डॅश डी ईजीएल'.

सगळ्यात जास्त चुका सहाव्या पायरीवर. कोणी एसएसएचच्या मूळ टर्मिनलमधून व्हीजीएलरन करतं, कोणी डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारतं आणि व्हीजीएलरन विसरतं. मग परत एलएलव्हीएमपाइप, परत फोन.

तपासणी: त्याच टर्मिनलमध्ये 'व्हीजीएलरन जीएलएक्सइन्फो डॅश मोठा बी'. रेंडररच्या ओळीत ग्राफिक्स कार्डाचं नाव दिसलंच पाहिजे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर प्रोग्रॅम चालू असताना 'एनव्हिडिया-एसएमआय' करा, यादीत तुमचा प्रोग्रॅम दिसेल.

सावध: बोगद्याचा कंटाळा करून ५९०१ इंटरनेटवर उघडं टाकू नका. रात्रीत कोणीतरी दार वाजवायला येतं.

## टप्पा ७: आता वेग

व्ह्यूअरच्या पर्यायांत एन्कोडिंगच्या तयार पातळ्या असतात. त्यातली 'लो-क्वालिटी जेपेग, वॅन' निवडा. मॉडेल फिरवताना चित्र थोडं चिखलासारखं दिसेल. थांबल्यावर 'लॉसलेस रिफ्रेश' दिलं की स्वच्छ होतं. रंगांचा किंवा बारीक भेगांचा निर्णय त्या रिफ्रेशनंतरच घ्या. डेस्कटॉप १२८० बाय ७२० चा ठेवा, मागचा फोटो आणि खिडक्यांच्या सावल्या बंद करा.

एसएसएचचं 'डॅश मोठा सी' हे कॉम्प्रेशन सगळे डोळे मिटून लावतात. मंद तारेवर साध्या एक्स खिडक्यांसाठी ते उपयोगी आहे. व्हीएनसीचं चित्र आधीच दाबलेलं असतं, ते पुन्हा दाबून काही हाती लागत नाही.

मोबाइलच्या नेटवर्कवर गप्प बसलेलं कनेक्शन मधेच तोडलं जातं. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०' लिहा.

मग शेवटची चाचणी, आणि ही पहिल्याच दिवशी करा: प्रोग्रॅम चालू असताना राउटरची वायर उपटा. पाच मिनिटं अंगणात जाऊन या. वायर लावा, बोगदा पुन्हा उघडा, व्ह्यूअर जोडा. काम जागेवर सापडलं तर लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही.

परत निघताना 'व्हीएनसीसर्व्हर डॅश लिस्ट' करून चालू सत्रं बघा आणि 'डॅश किल कोलन १' ने आपलं सत्र बंद करा. गेल्या वर्षी भाच्याने ते केलं नव्हतं. अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर त्याचं मॉडेल कार्डाची मेमरी अडवून बसलं होतं, आणि पुण्यातल्या माणसाने कसा कोण जाणे नंबर शोधून फोन केला तो मलाच.